पालेर्मो : हप्ता न देणाऱ्यांकडे जेवायला!

पालेर्मोला चाललेय असं सांगितलं की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर गाल फुगवून मार्लन ब्रँडोचा आवाज काढतात, नाहीतर 'जपून गं' म्हणतात. रोमला निघालात तर 'पिझ्झा खा', पॅरिसला निघालात तर 'फोटो टाक'. पण सिसिलीचं नाव काढलं की 'गॉडफादर' आलाच. आणि इटलीच्या दक्षिण टोकाशी, भूमध्य समुद्राच्या मधोमध असलेल्या या बेटाची राजधानी म्हणजे पालेर्मो.

खरं सांगू? मीही थोडीफार त्याच मूडमध्ये गेले होते. तेआत्रो मास्सिमोच्या पायऱ्यांवर फोटो काढायचा, हे आधीच ठरलेलं. १८९७ साली सुरू झालेलं हे भव्य ऑपेरा हाऊस. 'गॉडफादर' मालिकेच्या १९९० साली आलेल्या तिसऱ्या भागाचा शेवट याच पायऱ्यांवर घडतो. फोटो काढला, छान आला. पण आठवडाभर या शहरात मनसोक्त खादाडी केल्यावर माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न घेऊन परतले. आपण हॉटेलात बिल भरतो, ते पैसे नक्की जातात कुणाच्या खिशात?

थांबा, एकदम सिरीयस होऊ नका. आधी खाऊन घेऊ.

ओळखीचा वास

आपल्या जिभेला पालेर्मो परकं वाटत नाही, याचं पहिलं कारण म्हणजे पानेल्ले. काबुली चण्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचं, थापून गार करायचं, पातळ चौकोनी वड्या पाडायच्या आणि गरम तेलात सोडायच्या. वर मीठ, कोथिंबिरीच्या चुलत बहिणीसारखी दिसणारी पार्सली आणि लिंबू. आता हे सगळं तीळ लावलेल्या पावात भरा. काय झालं? बरोब्बर! हजारो मैलांवर, वेगळ्या समुद्राच्या काठी, आपल्या वडापावचा चुलतभाऊ भेटतो. फक्त चटणीची तेवढी उणीव. पहिल्या घासाला हात आपोआप तळलेली मिरची शोधतो, ती काही मिळत नाही.

सोबत बटाट्याचे लांबट क्रोकेट मिळतात. त्यांचं स्थानिक नाव काझ्झिली. त्याचा अर्थ इथे छापता येणार नाही, इटालियन मित्राला खासगीत विचारा. पाव, पानेल्ले आणि काझ्झिली असा सगळा ऐवज तीन युरोंच्या आसपास येतो. म्हणजे युरोपात पोट भरून जेवायचं आणि खिशालाही टेन्शन नाही, असं शक्य आहे. पियाझ्झा मरीनाजवळ 'नी फ्रांको उ वास्तिद्दारू' नावाचा अड्डा त्यासाठी जगप्रसिद्ध आहे. आतबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, वकिलापासून हमालापर्यंत सगळे एकाच रांगेत.

रस्त्यावरची आणखी एक ओळखीची गोष्ट म्हणजे तीनचाकी 'आपे'. आपल्या बारामतीच्या पियाज्जिओ कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी याच घराण्यातली. इटालियनमध्ये 'आपे' म्हणजे मधमाशी. आपल्याकडे ही मधमाशी सहा सीटवर दहा माणसं नेते, पालेर्मोत ती स्फिन्चोने विकते. स्फिन्चोने म्हणजे जाडजूड, स्पंजसारखा पिझ्झा. वर टोमॅटो, भरपूर कांदा, खारवलेले अँचोव्ही मासे, चीज आणि ब्रेडचा चुरा. मागे स्पीकरवर विक्रेत्याची आरोळी अखंड चालू. भंगारवाल्याच्या रेकॉर्डेड आवाजाची सवय असलेल्या आपल्या कानांना अगदी घरी आल्यासारखं वाटतं.

बाजार, कांदा आणि दख्खनचा राजा

पालेर्मो वसवलं फिनिशियन व्यापाऱ्यांनी, सुमारे २७०० वर्षांपूर्वी. मग रोमन आले, बायझंटाइन आले. इसवी सन ८३१ मध्ये अरबांनी शहर घेतलं आणि १०७२ मध्ये ते नॉर्मन लोकांच्या हाती गेलं. पण अरबांनी दिलेली चव नॉर्मन राजांनीही बदलली नाही. लिंबूवर्गीय फळं, ऊस, वांगी... आज ज्याला आपण 'सिसिलियन' म्हणतो, त्यातलं बरंच काही त्या अडीचशे वर्षांत इथे रुजलं. अल् इद्रिसी या भूगोलतज्ज्ञाने ११५४ साली पालेर्मोच्या दरबारात आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात जवळच्या त्राबिया गावात शेवयांसारखा सुका पास्ता बनतो आणि जहाजांनी दूरदूर जातो, अशी नोंद आहे. मार्को पोलो तेव्हा जन्मलाही नव्हता. त्यामुळे त्याने चीनमधून पास्ता आणल्याची गोष्ट आता मित्रांना ऐकवू नका!

अरबी काळाची सगळ्यात जिवंत खूण म्हणजे बालारो बाजार. सकाळी नऊला गेलात तर मंडई आणि क्रॉफर्ड मार्केट एकत्र केल्यासारखं वाटेल. लाल ताडपत्र्यांखाली फुटबॉलएवढी वांगी, बर्फावर तलवारमाशाचं डोकं, ऑलिव्हचे ढीग आणि विक्रेत्यांच्या लयबद्ध आरोळ्या. 'बालारो' या नावाबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत. एक म्हणजे ते जवळच्या एका अरबी गावावरून आलं. दुसरं मत ऐकून मी तिथल्या तिथे थबकले. अरब प्रवासी आपल्या दख्खनवर राज्य करणाऱ्या राष्ट्रकूट राजांना 'बल्हरा' म्हणत, 'वल्लभराज' या बिरुदावरून. हिंदुस्थानातून येणारा मसाला जिथे विकला जायचा त्या बाजाराला त्याच राजाचं नाव पडलं, असा हा तर्क. खरा असो वा नसो, मिरीची पुडी घेताना जाम भारी वाटलं.

दहाव्या शतकात इब्न हौकल नावाचा अरब प्रवासी इथे आला होता. त्याने बाजारांचं आणि मशिदींचं वर्णन केलं आणि वर एक टोलाही हाणला. इथले लोक मंदबुद्धी आहेत, कारण ते सकाळ-संध्याकाळ कच्चा कांदा खातात! कांदा-भाकरवाल्या आपल्या मंडळींनी याचा निषेध करायला हरकत नाही.

बालारोत शाकाहारी मंडळींनी कापोनाता मागावी. तळलेली वांगी, सेलरी, ऑलिव्ह, केपर्स आणि टोमॅटो, त्यात व्हिनेगर आणि साखर. आंबट-गोड चव, आमटीत चिंच-गूळ घालणाऱ्यांना पहिल्याच चमच्यात पटेल. मासे खाणाऱ्यांसाठी 'पास्ता कोन ले सार्दे'. ताजे सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचे भाऊबंद, रानबडीशेप, बेदाणे, पाइन नट्स आणि केशर. माशात बेदाणे म्हटल्यावर नाक मुरडू नका, आधी खाऊन बघा.

लग्न झालंय की नाही?

आता धाडसी लोकांचा विभाग. नाजूक पोटाच्यांनी पुढच्या मथळ्यावर उडी मारावी.

'पानी का मेउसा' म्हणजे गाईच्या प्लीहेचा आणि फुप्फुसाचा पाव. आधी उकडतात, मग पातळ काप करून चरबीत परततात. काउंटरवरचा माणूस विचारतो, 'स्किएत्ता की मारिताता?' म्हणजे कुमारिका हवी की लग्न झालेली? कुमारिका म्हणजे नुसतं लिंबू आणि मीठ. लग्न झालेली म्हणजे वर रिकोटा किंवा काचोकावाल्लो चीज. 'काला' या जुन्या बंदराजवळ 'पोर्ता कार्बोने' नावाची टपरी यासाठी ओळखली जाते. या पदार्थामागे ज्यू खाटकांची कथा सांगतात. जनावर कापण्याचे पैसे घेणं त्यांच्या धर्मात बसत नसे, म्हणून मोबदल्यात आतडी-काळीज मिळायचं आणि ते शिजवून विकलं जायचं. १४९२ च्या राजाज्ञेने ज्यूंना सिसिलीतून हाकललं, पदार्थ मात्र मागे राहिला. त्यांच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांच्या पाट्या आज इटालियन, हिब्रू आणि अरबी अशा तीन लिपींत दिसतात.

बीफ खात नसाल तर काही बिघडत नाही, समोर अरान्चिना आहेच. सोनेरी तळलेला भाताचा गोळा, आत सारण. हो, अरान्चिना! शेवट 'ना'ने. बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या कातानियात त्याला पुल्लिंगी 'अरान्चिनो' म्हणतात आणि त्यावरून दोन शहरांत पुणे-मुंबईइतकं कडाक्याचं भांडण आहे. १३ डिसेंबरला, संत लुचियाच्या दिवशी, पालेर्मोत पाव आणि पास्ता वर्ज्य असतो. उपास की काय? छे! त्या दिवशी सगळं शहर अरान्चिना हाणतं. 'एकादशी दुप्पट खाशी' हे आपल्यापुरतंच नाही.

आता मुद्द्याचं

एवढं सगळं खाऊन झाल्यावर बालारोजवळच्या एका दुकानाच्या दारावर मला एक छोटा स्टिकर दिसला. 'पागो की नॉन पागा'. म्हणजे 'जो देत नाही, त्यालाच मी देतो'. कोण देत नाही? काय देत नाही?

उत्तर एका शब्दात. हप्ता.

सिसिलीत त्याला 'पिझ्झो' म्हणतात. पिझ्झाशी काही संबंध नाही. स्थानिक बोलीत चोचीला 'पिझ्झु' म्हणतात, तेव्हा पिझ्झो देणं म्हणजे 'कुणाची तरी चोच ओली करणं'. किराणावाला, बेकरीवाला, हॉटेलवाला, सगळ्यांनी महिन्याला किंवा सणासुदीला माफियाला काहीतरी द्यायचं. नाही दिलं तर एका सकाळी दुकानाच्या कुलपात फेविक्विकसारखा गोंद भरलेला सापडतो. ती पहिली सूचना. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या मुंबईच्या गोष्टी घरात ऐकत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

लिबेरो ग्रास्सी नावाच्या एका कपड्यांच्या कारखानदाराने मात्र नाही म्हटलं. १० जानेवारी १९९१ रोजी स्थानिक वृत्तपत्रात त्यांचं पत्र छापून आलं. थेट खंडणीखोराला उद्देशून. पैसे देणार नाही, असं जाहीर. बाकीचे व्यापारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. २९ ऑगस्ट १९९१ च्या सकाळी घराजवळ त्यांना गोळ्या घातल्या. पुढच्याच वर्षी, २३ मे १९९२ ला न्यायाधीश ज्योवान्नी फाल्कोने यांच्यासाठी हायवेच उडवला गेला आणि १९ जुलैला त्यांचे सहकारी पाओलो बोर्सेलिनो बॉम्बस्फोटात गेले. पालेर्मोच्या विमानतळाला आज या दोघांचं नाव आहे. तिथून शहरात येताना बस कापाचीपाशी त्याच जागेवरून जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल स्तंभ उभे आहेत. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलात तर दिसणार नाहीत.

आणि आता आपल्या वयाची गोष्ट. २००४ साली सात तरुण मित्र पालेर्मोत एक पब काढायच्या विचारात होते. आपण शुक्रवारी रात्री चर्चा करतो ना, 'नोकरी सोडून कॅफे काढू या', तस्संच. फरक इतकाच की कागदावर खर्चाची यादी मांडताना भाडं, फर्निचर, पगार याच्या जोडीला कुणीतरी विचारलं, 'आणि पिझ्झोचं काय?' तिथे सगळं थांबलं. पब उघडलाच नाही. त्याऐवजी २९ जूनच्या सकाळी शहर जागं झालं तेव्हा भिंतींवर, खांबांवर शेकडो छोटे स्टिकर चिकटलेले होते. हप्ता देणारी अख्खी जनता म्हणजे स्वाभिमान गमावलेली जनता, असा त्यावरचा मजकूर. त्यातून 'अद्दिओपिझ्झो' म्हणजे 'रामराम पिझ्झो' ही चळवळ उभी राहिली.

त्यांचा फंडा साधा होता. एकटा दुकानदार नाही म्हणाला तर त्याचं लिबेरो ग्रास्सी होतं. पण त्याच्या पाठीशी गिऱ्हाईक उभं राहिलं तर? म्हणून आधी ग्राहकांच्या सह्या घेतल्या, 'हप्ता न देणाऱ्या दुकानातूनच घेऊ' अशा. मग २००६ मध्ये अशा दुकानांची पहिली यादी जाहीर केली. सुमारे शंभर नावं होती. पुढे ती कैक पटींनी वाढली. म्हणजे मोर्चा नाही, उपोषण नाही. फक्त कॉफी कुठे प्यायची, हे ठरवायचं.

१८३४ पासूनच्या 'अँटिका फोकाच्चेरिया सान फ्रांचेस्को' या प्रसिद्ध जुन्या खाणावळीची गोष्ट तर इटलीभर गाजली. २००५ च्या सुमारास तिथेही मागणी आली. तेव्हाच्या मालकाने पोलिसांत तक्रार दिली आणि २००७ साली भर कोर्टात आरोपींकडे बोट दाखवून 'हेच ते' म्हटलं. मालकी नंतर बदलली, पण सान फ्रांचेस्को चर्चसमोरच्या त्या चौकात उभं राहिलं की ते बोट आठवतं.

मला सगळ्यात जास्त भिडली ती व्हिया माक्वेदाची गोष्ट. हा शहराचा मुख्य, आता बराचसा पायी फिरण्यासाठी राखलेला रस्ता. एप्रिल २०१६ मध्ये इथे एका गांबियन तरुणाच्या डोक्यात गोळी घातली गेली. तो वाचला. त्यानंतर आसपासच्या दुकानदारांनी, बहुतेक सगळे बांगलादेशी, अद्दिओपिझ्झोच्या मदतीने एकत्र तक्रार केली. वर्षानुवर्षं हप्ते आणि मारहाण सोसलेली ही परदेशी माणसं, भाषाही धड येत नसलेली. लवकरच अटका झाल्या, पुढे शिक्षाही झाल्या.

त्याच भागात मोबाइल कव्हर विकणाऱ्या एका बांगलादेशी काकांशी मी बोलले. हिंदी सिनेमांमुळे त्यांचं हिंदी झकास. चहा पाजला, शाहरुखची चौकशी केली. हप्त्याचा विषय काढल्यावर म्हणाले, 'बेटी, भीती एकट्याला वाटते. दहा जण मिळून गेलं की ती दहा ठिकाणी वाटली जाते.' आणि लगेच गिऱ्हाइकाकडे वळले.

सगळं आलबेल झालंय असं मात्र समजू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये पालेर्मोत एकाच कारवाईत १८० च्या आसपास लोकांवर अटकेचे आदेश निघाले आणि आरोपांमध्ये खंडणी होतीच. म्हणून तो स्टिकर अजूनही नुसती सजावट नाही.

संध्याकाळ कुठे घालवाल?

सूर्य कलला की वुच्चिरियाकडे वळा. रेनातो गुत्तुझो या चित्रकाराने १९७४ साली या बाजाराचं प्रचंड कॅनव्हास रंगवलं. तो बाजार आता दिवसा बराच रोडावलाय, पण रात्री मात्र फुल ऑन! पडक्या भिंतींमधल्या चौकात धूर उठतो, जाळावर स्तिघ्योला म्हणजे कांद्याच्या पातीभोवती गुंडाळलेली बकरीची आतडी भाजली जातात आणि कॉलेजची पोरं प्लास्टिकच्या ग्लासात वाइन घेऊन रस्त्यावरच बसतात. जरा निवांत प्यायचं असेल तर सिसिलीचीच वाइन मागा. लाल हवी तर 'नेरो दावोला', पांढरी हवी तर 'ग्रिल्लो'. गोड आवडत असेल तर मार्साला. तिला जगाच्या बाजारात नेलं जॉन वुडहाउस या इंग्रज व्यापाऱ्याने, १७७३ पासून.

शांत जेवायचंय? बालारोतलं 'मोल्तिव्होल्ती' बघा. २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या मित्रांनी मिळून सुरू केलेलं. पुढे रेस्टॉरंट, मागे को-वर्किंग. मेन्यूत सिसिलीच्या शेजारी आफ्रिका आणि आशिया. लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून काय हवं?

आणि गोड? कान्नोली जागेवर भरून देणाऱ्याकडेच घ्या. आधीच भरून ठेवलेली नळी मऊ पडते आणि सगळी गंमत जाते. पियाझ्झा बेल्लिनीवरच्या सांता कातेरिना मठात जुन्या नन्सच्या पाककृतींवर चालणारं मिठाईचं दुकान आहे. बदामाच्या पिठीची हुबेहूब फळं, हिरव्या कडेचा कस्साता... मठाच्या अंगणात संत्र्याच्या झाडाजवळ बसून खा. उन्हाळ्यात ब्रियोश पावात भरलेलं गेलातो म्हणजे ब्रेकफास्ट! आईस्क्रीम-पाव नाश्त्याला, तोही कुणी न रागावता. आणखी काय पाहिजे?

परतताना माझ्या हॉटेलखालच्या दुकानात 'गॉडफादर'चे टी-शर्ट टांगलेले होते. पंधरा युरो. तेवढ्यात पाच पानेल्ले-पाव येतात, आणि ते स्टिकरवाल्याकडूनच घेता येतात. शेवटच्या दिवशी मी हिशोब केला आणि पावच घेतले. दोन खाल्ले, तीन विमानात.

खिशात ठेवा

* भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. रोम किंवा मिलानहून विमान मिळतं. वेळ असेल तर रोमहून ट्रेनने या. मेस्सिनाच्या सामुद्रधुनीत अख्खी ट्रेन डब्यांसकट बोटीत चढते. हटके अनुभव!
* कॉफी काउंटरवर उभ्यानेच प्या, स्वस्त पडते. टेबलावर बसलात की बिलात 'कोपेर्तो' नावाचा बसण्याचा आकार येऊ शकतो, दचकू नका.
* दुपारचं जेवण एक ते तीन, रात्रीचं आठनंतर. साडेसहाला गेलात तर वेटरच जेवत असतो.
* शाकाहारींनी लक्षात ठेवा, स्फिन्चोनेवर मासा असतो आणि लोण्याच्या नावाने मिळणाऱ्या 'अल बुर्रो' अरान्चिनात बहुधा हॅम. पानेल्ले, काझ्झिली, कापोनाता बिनधास्त, पण तळणीचं तेल वेगळं आहे का, हे विचारून घ्या.
* बाजार सकाळीच गाठा. दुपारनंतर ताडपत्र्या उतरतात.
* दारावरचा 'पागो की नॉन पागा' स्टिकर शोधा. अद्दिओपिझ्झोच्या मंडळींनी २००९ पासून हप्तामुक्त दुकानं-हॉटेलं दाखवणाऱ्या सहलीही सुरू केल्या आहेत. भूक लागलेलीच असते, मग ती योग्य दारात का नको भागवायला?